संप्रेरक उपचार आणि विचारांवरचे धुके

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर संप्रेरक उपचार सुरू झाल्यानंतर काही महिन्यांत अनेक पुरुषांना एक त्रास जाणवू लागतो. बोलता बोलता नेमका शब्द आठवत नाही. सुपारीच्या पोत्यांचा हिशेब मध्येच तुटतो. माजघरात आपण कशासाठी आलो, हे आल्यावर विसरायला होते. पूर्वी एकाच वेळी सहज होणारी दोन कामे आता एकापाठोपाठ एक करावी लागतात. इंग्रजीत बोलीभाषेत याला ‘ब्रेन फॉग’ म्हणतात. मराठीत त्यासाठी रुळलेला शब्द नाही आणि कदाचित त्यामुळेच हा त्रास डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात आणि रुग्ण, विशेषतः पुरुष रुग्ण, गप्प बसतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रिया या त्रासाविषयी बऱ्याच वर्षांपासून बोलत आल्या आहेत. पुरुष मात्र आता कुठे बोलू लागले आहेत.

गोव्याच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्यात या मौनाची किंमत अधिक मोजावी लागते. अनमोड घाट चढून गेले की या तालुक्यातील रामनगर लागते. सुपा धरणाच्या जलाशयात जुने सुपे गाव गेल्यानंतर तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात येतो. वस्त्या विखुरलेल्या, बस मोजक्या आणि मोबाइलची रेंज कुठे आहे तर कुठे नाही. कर्करोगाच्या उपचारासाठी दांडेली, हळियाळ, धारवाड असा शंभर किलोमीटरच्या पुढेमागे प्रवास करून हुबळी गाठावी लागते, नाही तर घाट उतरून बांबोळीला किंवा दुसऱ्या बाजूने बेळगावला जावे लागते. शहरातल्या रुग्णाला दवाखान्यातून आठवणीचा फोन येतो. इथे मात्र सुईची तारीख, गोळ्यांची वेळ, मागच्या तपासणीचा आकडा आणि डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य, सारे रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोपवलेले असते. आणि हा उपचार नेमक्या त्याच शक्तीला धक्का लावू शकतो.

उपचार काय करतो

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशी बहुतांशी टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकावर वाढतात. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी वृषणे काढणे हा मुख्य मार्ग होता. आज ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन किंवा डेगारेलिक्स यांच्या सुया दर महिन्याला, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी दिल्या जातात. ही औषधे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीमार्फत काम करतात. तिथून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली येते. निरोगी प्रौढात ते साधारण ३०० ते १००० असते. गरजेप्रमाणे बायकॅल्युटामाइड, अॅबिरेटेरॉन, एन्झाल्युटामाइड, अपाल्युटामाइड किंवा डॅरोल्युटामाइड या गोळ्यांची जोड दिली जाते.

मेंदूतही टेस्टोस्टेरॉनचे काम असते. स्मरण आणि एकाग्रता सांभाळणाऱ्या भागांत त्याचे ग्राही असतात. शिवाय पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनपासूनच इस्ट्रोजेन बनते, त्यामुळे दोन्ही संप्रेरके एकदम घटतात. मात्र हा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. अमेरिकेतील टँपा येथील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संप्रेरक उपचार घेणाऱ्यांची आकलनक्षमता सहा आणि बारा महिन्यांनी इतरांपेक्षा अधिक जणांत घटलेली आढळली. टोरांटोच्या गटाने तीन वर्षे पाठपुरावा केला, तेव्हा मात्र तसा ठाम फरक दिसला नाही. पुढे अल्झायमर होतो का, यावरचे अभ्यास निरीक्षणावर आधारलेले असून त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे धुके जाणवले म्हणून स्मृतिभ्रंश सुरू झाला, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. त्याचबरोबर रुग्ण सांगतो तो त्रास चाचणीत दिसला नाही, म्हणून तो खोटाही ठरत नाही.

चाचणीची भाषा हाही इथला खरा प्रश्न आहे. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि रुग्णालयात कन्नड, अशा स्थितीत वाढलेल्या माणसाला परक्या भाषेत पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले तर तो चुकणारच. चाचणी होणार असेल तर ती आपल्या भाषेत व्हावी, निदान सोबत दुभाष्या असावा आणि आपले शिक्षण किती झाले हेही नोंदवले जावे, असा आग्रह रुग्णाने धरायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट शहरातल्या पुस्तिकांत सापडत नाही. या उपचारात अवकाशाचे भान, म्हणजे दिशा, अंतर आणि वस्तूंची मांडणी मनात उभी करण्याची क्षमता, काहींमध्ये मंदावल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. शहरातला माणूस पाटी वाचून घर गाठतो, तर जंगलातल्या पायवाटेवर चालणारा माणूस झाडे, ओहोळ आणि उतार यांच्या मनातल्या नकाशावर चालतो. तेव्हा उपचार सुरू असताना रानात एकट्याने लांब जाणे आणि संध्याकाळनंतर घाटरस्त्यावर दुचाकी चालवणे टाळलेले बरे.

धुक्याच्या आड दडलेली कारणे

धुक्याचा सगळा दोष सुईवर टाकणे सोपे असते. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग अशा गोष्टींतून येतो, ज्यांवर उपाय आहे. संप्रेरक घटल्यावर अंगातून गरम वाफा येतात आणि रात्री घामाने झोप मोडते. सलग महिनाभर तुटक झोप घेतलेल्या कोणाचेही डोके चालत नाही. टेस्टोस्टेरॉन रक्तपेशी बनवण्यास मदत करत असल्याने हिमोग्लोबिन उतरते. साखर आणि वजन वाढते, स्नायू घटतात. मन खिन्न होते, आणि पुरुषांत ही खिन्नता अनेकदा रडण्यापेक्षा चिडचिडीतून किंवा विसराळूपणातून दिसते. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, जीवनसत्त्व ब-१२ आणि सोडियम यांची रक्ततपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी. ऐकू कमी येत असेल किंवा चष्म्याचा नंबर बदलला असेल तर तेही पाहावे. जे नीट ऐकूच आले नाही, ते लक्षात राहणार तरी कसे?

सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे इतर गोळ्या. वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिली जाणारी ऑक्सिब्युटिनिन ही गोळी काही वेळा गरम वाफांवरही देतात, पण ती स्वतःच वृद्धांची स्मृती आणि लक्ष मंदावते. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन आणि झोपेच्या गोळ्या यांचेही तसेच. त्यामुळे पुढच्या भेटीला घरातील सगळ्या औषधांची, औषधविक्रेत्याकडून परस्पर आणलेल्यांचीसुद्धा, पिशवी सोबत न्यावी आणि यातले काय कमी करता येईल, असे सरळ विचारावे. एन्झाल्युटामाइड मेंदूत शिरते. त्यामुळे थकवा येतो, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि क्वचित आकडीही येते. डॅरोल्युटामाइड मेंदूत तुलनेने कमी जाते. गोळी बदलणे शक्य आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे, मात्र किंमत आणि आजाराची अवस्था पाहूनच त्याचे उत्तर मिळेल. स्मरणशक्तीची चूर्णे आणि रानातल्या मुळ्या या गोळ्यांसोबत परस्पर घेऊ नयेत. उन्हाळ्यातल्या हुर्राकाबद्दल वेगळे सांगायला नको. तो झोप आणि स्मृती दोन्ही बिघडवतो.

घरात करण्यासारखे

ज्या उपायामागे सर्वांत भक्कम पुरावा आहे तो म्हणजे व्यायाम. चालणे आणि स्नायूंना जोर देणारे प्रकार यांनी थकवा कमी होतो, स्नायू टिकतात आणि झोप सुधारते. स्मरणावरचा थेट परिणाम त्यामानाने कमी तपासला गेला आहे. ‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला’ हा प्रश्न रास्त वाटतो खरा, पण उपचार सुरू झाल्यावर घरचे लोक प्रेमापोटी त्याच्या हातातली कुदळ काढून घेतात आणि राबणारा माणूस पडवीत बसून राहतो. आठवड्याला मिळून १५० मिनिटे चालणे आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे एवढ्यापासून सुरुवात करता येते. आजार हाडांत पसरला असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

स्मरणाचा भार डोक्यातून काढून भिंतीवर टाकावा. घरोघरी ‘कालनिर्णय’वर दुधाचा आणि गॅसचा हिशेब असतो, त्याच पानावर सुईची तारीख लाल शाईने लिहावी आणि आठ दिवस आधी बसची खूणही करावी. मोबाइलचा गजर रेंज नसतानाही वाजतो, तो गोळीच्या वेळेला लावून ठेवावा. गोळी घेतली की लगेच वहीत फुली मारावी. नाही तर ‘घेतली की नाही’ या गोंधळात ती दोनदा घेतली जाते. अॅबिरेटेरॉन उपाशीपोटी घ्यायची असते आणि तिच्यासोबतची प्रेडनिसोलोन मनाने अचानक बंद करायची नसते, त्यामुळे ही फुली महत्त्वाची. चष्मा, किल्ली आणि औषधे यांची जागा एकच असावी. हिशेब, कागदपत्रे यांसारखी डोक्याची कामे सकाळी, रेडिओ आणि टीव्ही बंद करून करावीत. दवाखान्यात सोबत एक जण असावा. डॉक्टरांनी सांगितलेले त्यांच्यासमोरच आपल्या शब्दांत परत सांगून पाहिले की कुठे चुकले ते तिथेच कळते.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. शब्द सापडायला वेळ लागतो, म्हणून माणसाची निर्णयशक्ती गेली असे होत नाही. जमिनीचे कागद, बँकेचे पुस्तक किंवा घरातला सल्ला यांतून त्याला बाजूला सारण्याची घाई अनेक घरांत होते. ती त्याला आजारापेक्षा जास्त बोचते. वाक्य पूर्ण करायला त्याला वेळ द्यावा, त्याच्या तोंडचा शब्द आपण हिसकावू नये. मन फारच खचले असेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून प्रादेशिक भाषांतही बोलता येते.

सुई मात्र आपण होऊन थांबवू नये. धुक्याला कंटाळून पुढची तारीख चुकवली तर टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येऊ शकते आणि रोगाला वाट मिळते. त्रास फार असेल तर काही रुग्णांत मध्ये खंड देऊन उपचार करता येतात, पण तो निर्णय पीएसए आणि आजाराची अवस्था पाहून तज्ज्ञच घेतात. दूरच्या रुग्णांना अनेकदा वृषणे काढण्याची एकदाच होणारी, कमी खर्चाची शस्त्रक्रिया सुचवली जाते. तिच्यात तारीख चुकण्याची भीती नाही, पण तिचा परिणाम परत फिरत नाही आणि धुकेही टळत नाही, कारण त्याचे मूळ घटलेल्या टेस्टोस्टेरॉनमध्येच असते.

हे धुके हळूहळू दाटते. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस एकाएकी बरळू लागला, माणसे ओळखेना, तर ते वेगळे काही आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, तुंबलेली लघवी, उतरलेले सोडियम, वाढलेले कॅल्शियम किंवा साखर यांमुळे असे होते. तोंड वाकडे होणे किंवा एक बाजू लुळी पडणे हे पक्षाघाताचे लक्षण आहे. पाठीत तीव्र दुखून पायांतले बळ जाणे हे मज्जारज्जूवर दाब आल्याचे असू शकते. यांत तासांना महत्त्व असते. पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते, ती माकडतापाची. गोचिडांतून पसरणारा हा आजार उत्तर कन्नडच्या सिद्दापूर भागात आणि आपल्या सत्तरीतही आढळला आहे. डिसेंबर ते मे या काळात रानात जाऊन आलेल्या रुग्णाला ताप, तीव्र डोकेदुखी आणि भ्रम एकत्र आला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि रानात गेल्याचे आवर्जून सांगावे.

किरणोपचारासोबत दिलेला संप्रेरक उपचार चार-सहा महिन्यांचा किंवा दीड ते तीन वर्षांचा असतो. सुया थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन परत यायला कित्येक महिने लागतात, सत्तरी ओलांडलेल्यांत कधी त्याहून अधिक. रोग शरीरात पसरलेला असेल तर उपचार बहुधा कायम चालतात आणि तेव्हा वही, गजर आणि भिंतीवरचे पानही तितकीच वर्षे चालू ठेवावे लागते.