आढ्याचं पाणी

बोस्टनच्या उपनगरातलं हे दुमजली लाकडी घर कोणा एकाचं नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये अशी घरं गल्लोगल्ली होती. बर्फाचे आकडे मात्र लोगन विमानतळाच्या नोंदीतले.

शनिवार 7 फेब्रुवारी, दुपारी 2. पाणी यायला 57 तास.
जानेवारीअखेरच्या वादळाने 24.6 इंच बर्फ टाकला, 2 फेब्रुवारीच्या वादळाने 16.2. शेजारची छपरं पांढरीशुभ्र आहेत. या घराच्या आढ्याजवळ मात्र काळ्या शिंगल्स उघड्या पडल्यात, कारण खोल्यांतली ऊब पोटमाळ्यात शिरून छप्पर तापवते आहे. वर कोणी बघत नाही.

वळचणीलगतच्या तीन-चार फुटांच्या पट्ट्यातला बर्फ खालूनच ओढून काढायला लांब दांड्याचा रेक लागतो. दुकानात तो संपलाय. रात्री तिसरं वादळ सुरू होतं.

रविवार, सकाळी 9. 38 तास.
एकामागून एक चौघांच्या गरम पाण्याच्या आंघोळी होतात. बाथरूमच्या पंख्याचा पाइप छपराबाहेर न काढता पोटमाळ्यातच सोडलेला आहे. घर घेताना तपासणीच्या अहवालात याची एक ओळ होती. उन्हाळ्यात करू, असं ठरलं. त्याला दोन उन्हाळे झाले.

रविवार, संध्याकाळी 7. 28 तास.
पुण्याहून आलेल्या आजींना थंडी वाजते. थर्मोस्टॅट 68 वरून 74 फॅरनहाइटवर जातो.

सोमवार, सकाळी 8. 15 तास.
वळचणीला तीन फुटी बर्फाच्या पागोळ्या लटकल्यात. आजी फोटो काढून पुण्याला पाठवतात. 'किती सुंदर!' असं उत्तर येतं.

पागोळ्यांच्या मागे बांध तयार झालाय. आढ्याजवळ वितळलेलं पाणी उतरत वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली ऊब नाही; तिथे ते गोठतं. मागून येणारं पाणी तुंबतं. शिंगल्स वाहतं पाणी अडवतात, साचलेलं नाही.

आजींचा मुलगा कुऱ्हाड घेऊन शिडी लावतो. त्याची बायको अडवते, आणि बरं करते: बर्फाआधी शिंगल फुटते. पण कॅल्शियम क्लोराइड भरलेला लांब मोजा बांधावर उभा ठेवला, तर पाण्याला वाट होते, हे दोघांनाही ठाऊक नाही.

सोमवार, संध्याकाळी 7. 4 तास.
बोस्टनची वाहतूक संस्था एमबीटीए रेल्वे थांबवते. या वादळाचा बर्फ 23.8 इंच भरणार आहे. दिवाणखान्याच्या छताला रुपयाएवढा तपकिरी डाग दिसतो. जुनाच असेल, असं म्हणून टीव्ही लावला जातो.

सोमवार, रात्री 11.
दिव्याच्या खोबणीतून थेंब पडतो, मग धार लागते. शेजारचा जिप्सम बोर्ड फुगतो. त्या खोलीचा ब्रेकर बंद केला जातो. फुगवट्याला खालून स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडल्यावर बादली भरते. नाहीतर अख्खा तुकडाच अंगावर आला असता.

मंगळवार, पहाटे 3.
पोटमाळ्यात पंखा लावून गळतीच्या जागेवर बाहेरची थंड हवा सोडतात. पाणी जागीच गोठतं, धार थांबते. इन्सुलेशन चिंब आहे. ते एक-दोन दिवसांत काढलं नाही, तर बुरशी धरेल.

मंगळवार, सकाळी 9:20.
गाड्या आज दिवसभर बंद. वाफेने बर्फ कापणाऱ्याचा फोन एकदाचा लागतो. तो 19 तारीख देतो. पुढचं वादळ 14 ला येणार आहे.