मेनफ्रेमवरील फायली सुरक्षितपणे कशा आणाव्यात?

बँका, विमा कंपन्या यांचे अनेक महत्त्वाचे व्यवहार आजही मेनफ्रेम संगणकांवर चालतात. तेथील नोंदी हिशेब तपासणीसाठी साध्या संगणकावर आणण्याचे जुने साधन म्हणजे एफटीपी. मात्र मूळ एफटीपीत पासवर्ड व मजकूर दोन्ही उघड्या स्वरूपात प्रवास करतात. १९९५ मध्ये फिनलंडमधील तातू यूलोनेन यांनी तयार केलेल्या एसएसएचने ही उणीव दूर केली. एसएफटीपी ही फायलींची देवाणघेवाण त्याच सांकेतिक वाहिनीतून, सामान्यतः २२ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. त्यासाठी फाइलझिला, विनएससीपी यांसारखे क्लायंट वापरता येतात.

पहिल्या जोडणीच्या वेळी क्लायंट सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवतो. तो मेनफ्रेम प्रशासकाकडून ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

जोडणी झाली तरी हवी ती फाइल लगेच दिसेलच असे नाही. आयबीएमच्या झेड/ओएस प्रणालीत फायलींच्या दोन व्यवस्था नांदतात. एक युनिक्स पद्धतीची, फोल्डरांची, दुसरी 'डेटासेट'ची. डेटासेटचे नाव जास्तीत जास्त ४४ अक्षरांचे असून टिंबांनी विभागलेला त्याचा प्रत्येक भाग आठ अक्षरांपर्यंत असतो. या प्रणालीसोबतचा ओपनएसएसएचचा सर्व्हर मूलतः युनिक्स बाजूच्याच फायली दाखवतो. त्यामुळे डेटासेट आधी 'सीपी' अथवा 'ओपुट' आज्ञेने त्या बाजूला उतरवून घ्यावा लागतो. काही कंपन्यांचे सर्व्हर डेटासेट थेट उपलब्ध करून देतात.

खरी कसोटी यापुढे आहे. मेनफ्रेमवरील मजकूर बहुधा एबसिडिक संकेतप्रणालीत असतो. रोमन लिपीतील मोठ्या 'ए' या अक्षराचा क्रमांक आस्कीत ६५, तर एबसिडिकमध्ये १९३ आहे. म्हणून निव्वळ मजकुराच्या फायलीचे रूपांतर न केल्यास ती वाचताच येत नाही.

परंतु कोबोल प्रोग्रॅममधील रकमा अनेकदा 'पॅक्ड डेसिमल' स्वरूपात, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक याप्रमाणे साठवतात. तेथे हेच रूपांतर घातक ठरते. २,४०० ही रक्कम '०२ ४० ०सी' अशा तीन बाइटमध्ये मावते. यातील '४०' हा बाइट एबसिडिकमध्ये कोऱ्या जागेचे चिन्ह आहे आणि आस्कीत कोरी जागा '२०' ने दर्शवतात. रूपांतर होताच २,४०० चे २,२०० होतात. चूक झाल्याचा कोणताही संदेश येत नाही आणि फाइलीचा आकारही बदलत नाही.

म्हणून अशा फायली नेहमी बायनरी पद्धतीने आणाव्यात आणि नोंदीचा आराखडा, म्हणजे 'कॉपीबुक', हाती ठेवून प्रत्येक रकान्याचे स्वतंत्र रूपांतर करावे. नोंदींची लांबी ठरावीक, समजा ८० बाइट, असेल तर फाइलीच्या आकाराला ८० ने पूर्ण भाग जातो का, हे पाहावे. शेवटी रकमांची एकूण बेरीज मेनफ्रेमवरील बेरजेशी जुळवावी. सांकेतिक वाहिनी वाटेतील चोरीपासून संरक्षण देते. आकड्यांच्या अचूकतेची जबाबदारी मात्र फाइल आणणाऱ्याचीच राहते.