पडद्यावरचे युद्ध आणि आपण

१९७१ चे युद्ध शहापूर-मुरबाडच्या खेड्यांनी रेडिओवर ऐकले. १९९९ चे कारगिल युद्ध टीव्हीवर पाहिले. मे २०२५ मध्ये मात्र वृत्तनिवेदक स्वतःच सेनापती झाले. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमीही त्यांनी दिली.

७ मे रोजी पूंछ येथे पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात मदरशाचे एक शिक्षक ठार झाले. काही वाहिन्यांनी त्यांनाच दहशतवादी ठरवले! त्यांचा दहशतवादाशी काहीही संबंध नव्हता, असा खुलासा पूंछ पोलिसांना करावा लागला. पण आरोप ज्यांनी ऐकला, त्या साऱ्यांपर्यंत खुलासा पोहोचला का?

आम्हीही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. म्हणूनच इतिहासाच्या तासाला आम्ही मुलांना सांगतो, बातमी ऐकली की आधी पुरावा विचारा.