एक खोली, दोन भागीदार

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. मालक दोघे, म्हणून जखमेकडे लक्ष कोणाचेच नाही. सामाईक वाडी, सामाईक दुकान आणि त्यापायी एकमेकांशी अबोला धरलेले सख्खे भाऊ आम्ही घराघरांतून पाहत आलो आहोत. म्हणूनच आपल्या शेजारी, मुंबईतच घडलेल्या एका भागीदारीचा इतिहास वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

‘लार्सन अँड टुब्रो’ हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु ही दोन माणसांची आडनावे आहेत, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. हे दोघेही डेन्मार्कचे. सोरेन क्रिस्तियन टुब्रो यांचा जन्म १९०६ चा आणि हेनिंग होल्क-लार्सन यांचा १९०७ चा. टुब्रो स्थापत्य अभियंता, तर लार्सन कोपनहेगनमध्ये शिकलेले रसायन अभियंता. सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री बनविणाऱ्या एफ. एल. स्मिथ या डॅनिश कंपनीत दोघे नोकरीला होते. तिच्याच कामासाठी टुब्रो १९३४ साली आणि लार्सन १९३७ साली हिंदुस्थानात आले. म्हणजे आले ते चाकरमानी म्हणून. उद्योगपती होण्यासाठी नव्हे.

मात्र इथे कामाला किती वाव आहे, हे त्यांच्या नजरेने टिपले. माथेरानच्या मुक्कामात स्वतंत्र व्यवसायाचा विचार पक्का झाला आणि १ मे १९३८ रोजी भागीदारी सुरू झाली. तिशीच्या आसपासच्या या तरुणांचे बॅलार्ड इस्टेटमधील कार्यालय इतके लहान होते, की एका वेळी एकाच भागीदाराला तिथे बसून काम करता येई! डेन्मार्कहून दुग्धव्यवसायाची यंत्रे आणून विकणे, हा त्यांचा पहिला धंदा.

दोनच वर्षांत खरी कसोटी आली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्कवर कब्जा केला. मायदेशाची वाट बंद झाली आणि मालही थांबला. विकायलाच काही नाही, तर दुकान कशाचे? अशा वेळी माघार घेतली असती, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र लहानसे वर्कशॉप काढून दुग्धव्यवसायाची यंत्रे इथेच बनवायला घेतली. जहाजांची दुरुस्तीही पत्करली. टाटांच्या सोडा अॅशच्या कारखान्याची उभारणी ज्या जर्मन अभियंत्यांकडे होती, ते युद्धामुळे स्थानबद्ध झाले. ते काम या दोघांकडे आले आणि त्यांनी ते पार पाडले. विक्रेत्यांचे कारागीर झाले ते असे, गरजेपोटी.

पुढे व्याप वाढला. युद्धानंतर माती उपसणाऱ्या अवजड यंत्रांच्या व्यापारासाठी भांडवल हवे होते, म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी भागीदारीचे प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत रूपांतर झाले. १९४८ साली पवईला दलदल आणि झाडोऱ्याची ५५ एकर जमीन घेतली गेली; तिच्यावर कारखाने उभे राहिले. १९५० च्या डिसेंबरात कंपनी सार्वजनिक झाली. ज्यांच्या दोघांच्या खुर्च्या एका खोलीत मावत नव्हत्या, त्यांनी हजारोंच्या हातांना काम दिले.

टुब्रो १९६२ मध्ये दैनंदिन कारभारातून निवृत्त झाले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. लार्सन १९७८ पर्यंत अध्यक्षपदी राहिले. त्यांना १९७६ चा रामन मॅगसेसे पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण किताब मिळाला. २७ जुलै २००३ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, मुंबईतच त्यांनी देह ठेवला. परका म्हणून आलेला माणूस इथलाच होऊन गेला.

एक भागीदार बाजूला झाला, तरी पाटीवरचे त्याचे नाव पुसले गेले नाही. आजही ती दोन नावे जोडीनेच उच्चारली जातात. आपल्या तरुणांनी भागीदारीत धंदा मांडताना भांडवलाचा हिशेब जरूर करावा. पण एकच खुर्ची असली, तर आधी तिच्यावर कोणाला बसवायचे, हा प्रश्न भांडण न होता सुटतो का, तेही पाहून घ्यावे. भागीचे घोडे तिथेच जगते किंवा मरते, असे आम्हांला वाटते.