भाकीत आणि विचारपूस

१९४९ साली एडविन श्नाइडमन हा तरुण मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात नोकरीला होता. दोन माजी सैनिकांनी आत्महत्या केली होती. त्यांच्या विधवांना सांत्वनपर पत्रे लिहिण्याचे काम वरिष्ठांनी त्याच्याकडे दिले. लिहायचे तर निदान काय घडले ते ठाऊक हवे, म्हणून तो तिथल्या कॉरोनरच्या दप्तरखान्यात गेला. मुंबईकरांना कॉरोनर हा शब्द परका नाही. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा हा अधिकारी आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होता. त्या दप्तरात श्नाइडमनला मृताने मागे ठेवलेली चिठ्ठी सापडली. शेजारची फाईल उघडली तर त्यातही एक. अशा सातशेहून अधिक चिठ्ठ्या तिथे पडून होत्या.

पुढची गोष्ट मला त्या शोधापेक्षाही मोलाची वाटते. त्याने त्या लगेच वाचल्या नाहीत. वाचल्या तर आपण आपल्याला हवा तोच अर्थ काढू, हे त्याच्या ध्यानात आले. सहकारी नॉर्मन फार्बेरो याला सोबत घेऊन त्याने तशाच वयाच्या, आत्महत्येचा विचार नसलेल्या पुरुषांकडून काल्पनिक चिठ्ठ्या लिहून घेतल्या. तेहतीस खऱ्या, तेहतीस काल्पनिक. कोणती कुठली हे न सांगता त्या तपासल्या. १९५७मध्ये त्यावरचे पुस्तक निघाले. काल्पनिक चिठ्ठ्यांत जगण्या-मरण्याविषयी सर्वसाधारण विधाने अधिक होती. खऱ्यांत माणसांची नावे, वस्तू, घरातल्या कामांच्या सूचना. मरणाच्या तोंडाशी उभा असलेला माणूस अजून संसारातच गुंतलेला असतो, असा त्याचा अर्थ मी घेतो.

त्याआधी या विषयावर लिहिले गेले नव्हते असे नाही. एमिल दुर्खेमचा आत्महत्येवरचा ग्रंथ १८९७चा. पण दुर्खेम समाजाचे दर मोजतो. कोणत्या समाजात किती, हे तो सांगेल. त्या समाजातला कोण, हे सांगणार नाही. ते त्याचे कामही नव्हते. डॉक्टरपुढे मात्र दर बसलेला नसतो. एक माणूस बसलेला असतो, आणि त्याला आज घरी सोडायचे की ठेवून घ्यायचे हे तासाभरात ठरवायचे असते.

१९५८मध्ये श्नाइडमन, फार्बेरो आणि मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिटमन यांनी लॉस एंजेलिसला आत्महत्या प्रतिबंध केंद्र काढले. जागा मिळाली ती सरकारी इस्पितळाच्या आवारातली, क्षयरोग्यांसाठी बांधलेली आणि पुढे टाकून दिलेली इमारत. तिथे रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. फोन घेणारे सगळे डॉक्टर नव्हते, त्यामुळे कुठला फोन किती गंभीर हे ठरवायला मोजपट्टी हवी होती. वय, स्त्री की पुरुष, मनात काही योजना आहे का, मागे कुणाचा आधार आहे का, असे मुद्दे घेऊन धोक्याचा अंदाज बांधला जाऊ लागला. पुढच्या अर्धशतकात अशा मोजपट्ट्यांचे पीक आले. ॲरन बेक यांची १९७४ची वीस विधानांची निराशामापन पट्टी त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. खिन्नतेपेक्षा हताशपणाचा, म्हणजे पुढे काही चांगले होणारच नाही या खात्रीचा, आत्महत्येशी अधिक जवळचा संबंध आहे, हे बेक यांचे निरीक्षण आजही टिकून आहे.

पण या सगळ्या उद्योगाच्या पायात एक काटा आधीच रुतलेला होता. १९५४ मध्ये अल्बर्ट रोझेन यांनी एका लहानशा लेखात तो दाखवून दिला होता. मी वैद्यक शिकलेलो नाही, पण हे गणित शाळकरी आहे. समजा, दहा हजार रुग्ण आहेत आणि त्यांतले पन्नास पुढे आत्महत्या करणार आहेत. आपल्याकडची चाचणी उत्तम आहे. शंभरातल्या ऐंशींबाबत ती बरोबर सांगते. म्हणजे पन्नासांपैकी चाळीस तिच्या जाळ्यात येतील, दहा निसटतील. आता उरलेले नऊ हजार नऊशे पन्नास पाहा. त्यांतल्या वीस टक्क्यांबाबत, म्हणजे एक हजार नऊशे नव्वद जणांबाबत, ती खोटी घंटा वाजवणार. दोन हजार तीस माणसांवर ‘धोका मोठा’ असा शिक्का बसला, त्यांतले खरे चाळीस. चाचणी वाईट नाही. घटनाच विरळ आहे.

रोझेन यांचा लेख मागे पडला आणि पट्ट्या तयार होत राहिल्या. १९८३मध्ये ह्यूस्टनच्या ॲलेक्स पोकॉर्नी यांनी माजी सैनिकांच्या इस्पितळात दाखल झालेल्या ४,८०० मनोरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६७ जणांनी पुढे आत्महत्या केली होती. ते ६७ आधी ओळखता आले असते का, याचे उत्तर त्यांनी प्रांजळपणे ‘नाही’ असे दिले. खोट्या घंटांची संख्या इतकी होती की त्या यादीचा व्यवहारात उपयोग नव्हता. २०१७ मध्ये जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतले ३६५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा दिसले की भाकिताची ताकद नाणेफेकीपेक्षा थोडीशीच बरी आहे आणि पन्नास वर्षांत ती वाढलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू लार्ज यांच्या गटाने त्याची दुसरी बाजू दाखवली : आत्महत्या केलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे रुग्ण ‘धोका कमी’ या कप्प्यातले होते.

मग हे कप्पे टिकले कसे? माझे उत्तर कदाचित कुणाला कडवट वाटेल. कप्पा हा रुग्णासाठी नसतो, फाईलसाठी असतो. उद्या काही बरेवाईट झाले तर ‘आम्ही तपासले होते’ असे दाखवता यावे, ही त्याची खरी गरज. आणि ‘कमी’ अशी खूण झाली की पुढचे बोलणे थांबते, हे त्याचे खरे नुकसान. २०२२मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने स्वतःला इजा केलेल्यांच्या बाबतीत स्पष्ट सांगितले की भाकितासाठी पट्ट्या वापरू नका, कमी-मध्यम-जास्त असे कप्पेही करू नका. त्या माणसाची गरज काय आणि तो सुरक्षित कसा राहील, ते पाहा.

म्हणजे प्रश्न विचारायचेच नाहीत असे मुळीच नाही. उलट थेट विचारायचे. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे आणि ती चुकीची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या २,३४२ मुलांवर झालेल्या, २००५ साली छापलेल्या अभ्यासात असे विचारल्याने मुलांचा त्रास वाढलेला दिसला नाही. जाणता डॉक्टर पायरीपायरीने जातो. झोपावे आणि उठूच नये असे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का? कसा, हे ठरवले आहे का? तशी तयारी केली आहे का? आणि आजवर कशामुळे थांबलात? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण उपचाराचे टोक तिथे हाती लागते. मराठी माणूस ‘आत्महत्या’ हा शब्द क्वचितच उच्चारतो. तो म्हणतो, ‘आता नको झालंय’, ‘मी गेलो की सगळे मोकळे होतील’, ‘माझं ओझंच आहे’. त्यात शेजारी बसलेले नातेवाईक रुग्णाच्या वतीने उत्तरे देत असतात. त्यांना थोडा वेळ बाहेर बसवणे हा सुद्धा तपासणीचाच भाग.

अमेरिकेत तयार झालेल्या याद्यांतला धोक्याचा माणूस एकटा, वयस्कर, बहुधा पुरुष असा असे. आपल्याकडे आत्महत्या करणाऱ्यांत तरुणांचे प्रमाण मोठे आहे, आणि लग्न हे बाईसाठी संरक्षण ठरतेच असे नाही, हे भारतीय संशोधकांनी वारंवार दाखवले आहे. आयात केलेल्या यादीवर बोट ठेवून खुणा करणाऱ्याला समोरची बावीस वर्षांची विवाहिता ‘कमी धोक्याची’ वाटू शकते.

भाकीत जमत नसेल तर करायचे काय, याचे उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो यांनी फार साधेपणाने शोधले. इस्पितळातून सुटल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्या गटाला पत्रे : पहिले चार महिने दरमहा, नंतरचे आठ महिने महिन्याआड, मग चार वर्षे दर तिमाहीला. पाच वर्षांत चोवीस पत्रे. पत्रात उपदेश नाही, उपचाराला या असा आग्रह नाही. तुमची आठवण आहे, बरे असावे, वाटले तर लिहा, एवढाच मजकूर. पहिल्या दोन वर्षांत पत्रे जाणाऱ्या गटात आत्महत्या कमी झाल्या. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर असताना मोटोंना एका मुलीची पत्रे येत. ही कल्पना त्यांना तिथून सुचली होती. आपल्या भाषेत याला विचारपूस म्हणतात, आणि त्या शब्दात विचारणेही आहे आणि ख्यालीखुशालीही.

हे अमेरिकेतच चालते असे मानण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने पाच देशांत असा प्रयोग झाला आणि त्यातले एक ठिकाण चेन्नई होते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले १,८६७ लोक. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांशी सुटीच्या सुमारास तासभर बोलणे आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. अखेरीस नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येने २.२ टक्के गेले होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के. २००८मध्ये हे आकडे छापून आले. आज ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी सेवा मराठीतून फोन घेते. पण तिथे अडचणीतल्या माणसाने फोन करायचा असतो. चेन्नईत फोन दुसऱ्या बाजूने येत होता.

आपल्याकडे मात्र या विचारपुशीच्या आड वर्षानुवर्षे एक तिसरा माणूस बसलेला होता : पोलीस. भारतीय दंडविधानाच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा गुन्हा. ज्या देशात खरे बोलल्यास खटला होतो, तिथे रुग्ण ‘चुकून झालं’ म्हणणार आणि नातेवाईक माना डोलावणार. मूल्यमापनाची सुरुवातच खोट्याने.

या कलमाला पहिला मोठा धक्का मुंबईत बसला. मारुती श्रीपती डुबल हे मुंबई पोलीस दलातले शिपाई. रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागल्यानंतर त्यांना मनोविकार जडला. घर चालावे म्हणून पत्नीला भाजीचे दुकान काढून द्यायचे होते, त्याची परवानगी मिळेना. १९८५मध्ये महापालिका आयुक्तांच्या कार्यालयाबाहेर त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला आणि वाचल्यावर त्यांच्यावर ३०९ लागले. १९८६मध्ये न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये तसेच मत दिले आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवले. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिशा बदलली. प्रयत्न करणारा माणूस, उलट सिद्ध होईपर्यंत, तीव्र ताणाखाली होता असेच धरायचे, त्याच्यावर खटला भरायचा नाही, आणि त्याची काळजी व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ३०९ गेले.

पण संहितेत २२६ क्रमांकाचे कलम आहे. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर सक्ती करण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर ती शिक्षा आजही आहे : एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. डॉक्टरने विचारायलाच हवा असा प्रश्न म्हणजे, ‘त्या वेळी मनात काय होतं?’ आता हाच प्रश्न तपास अधिकाऱ्यालाही पडणार. केसपेपरवर रुग्णाचा हेतू जितका प्रामाणिकपणे लिहिला जाईल, तितका तो कागद पोलिसांच्याही कामाचा. आयुक्तांच्या दारात, नाकारलेल्या परवानगीपायी जीव द्यायला निघालेल्या त्या शिपायाने हे आज केले असते, तर २०१७च्या कायद्याने त्याला तीव्र ताणाखालचा माणूस मानले असते आणि २२६ खाली त्याच्या हेतूची चौकशीही होऊ शकली असती.