दोघांपुरती जागा

जुन्या मराठी वाड्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. दिंडीदरवाजातून आत शिरले की चौक, चौकाच्या कडेने ओसरी व पडव्या, त्यांच्यामागे माजघर, माजघराला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, एका अंगाला बाळंतिणीची अंधारी खोली, परसात विहीर आणि गोठा, आणि अरुंद जिन्याने वर गेले की दिवाणखाना व एखाददुसरी माडी. या घरात देवाला जागा होती, धान्याला कोठी होती, जनावरांना गोठा होता, आल्यागेल्या पाहुण्याला ओसरी होती, एवढेच काय पण विटाळशी बसलेल्या बाईलाही चार दिवसांपुरता एक कोपरा मुक्रर करून दिलेला होता. नव्हती ती जागा एका नवऱ्याला आणि त्याच्या बायकोला, दिवसाकाठी घटकाभर एकमेकांशी बोलत बसण्याची.

आणि तरीही याच दांपत्याच्या पहिल्या रात्रीइतकी जाहीर गोष्ट त्या काळी दुसरी नव्हती. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवावयाचे, शेजारपाजारच्या सुवासिनींनी गाणी म्हणत यावयाचे, साखर वाटावयाची, मग ज्योतिष्याकडून मुहूर्त काढून ऋतुशांती आणि सोळा संस्कारांतील पहिला म्हणून गणलेला गर्भाधानसंस्कार उरकावयाचा, आणि फलशोभनाच्या त्या समारंभाला ऐपतीप्रमाणे वाजंत्रीही लावावयाची, अशी पांढरपेशा घरांतून सर्रास चाल होती. जिच्या नावाने हा सोहळा चाले ती बहुधा बारा-तेरा वर्षांची पोर असे आणि आपल्यावर काय प्रसंग येत आहे याची तिला धड कल्पनाही नसे, ही गोष्ट विसरून या चालीकडे कौतुकाने पाहणे शक्य नाही. परंतु मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते निराळ्याच विसंगतीकडे. पहिल्या रात्रीला वाजंत्री होती. त्यापुढील तीस-चाळीस वर्षांच्या रात्रींसाठी मात्र पोथीत सापडत असे ती मुख्यतः मनाईची यादी. अमावास्या वर्ज्य, पौर्णिमा वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशी वर्ज्य, श्राद्धाचा दिवस वर्ज्य, ऋतूचे पहिले चार दिवस वर्ज्य. त्यात लग्नानंतरचा पहिला आषाढ माहेरी काढण्याची चाल, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली सून परत येईपर्यंत लोटणारे महिने, आणि सासऱ्याच्या घरी चार भाऊ नांदत असले तर माडीवरची एकुलती एक खोली आज कोणाच्या वाट्याला, याचा सासूने केलेला निवाडा. कोणाचे अंथरूण कोठे पडावे, ही त्या घरातील राज्यकारभाराची बाब होती, आणि तो कारभार थोरल्या बाईच्या हाती असे.

दिवसा तर बोलणेही दुरापास्त. वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याने बायकोला हाक मारावयाची नाही, बायकोने त्याचे नाव उच्चारावयाचे नाही. घ्यावयाचेच झाले तर समारंभात, चारचौघींच्या आग्रहाने, उखाण्यात गुंफून. त्यामुळे मराठी घरात सर्वनामांचे एक स्वतंत्र व्याकरण तयार झाले. ‘इकडून येणे झाले का?’, ‘तिकडे विचारायला हवे’, ‘स्वारी आज उशिरा यायची आहे’, अशा वाक्यांत कर्ता कधी दिसत नाही, पण तो कोण आहे हे घरातल्या मांजरालाही ठाऊक असे. हा केवळ दास्याचा अवशेष आहे असे म्हणून सुधारकांनी त्याची थट्टा केली, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. तथापि ‘इकडून’ हा शब्द ती बाई साऱ्या जगात एकाच माणसासाठी वापरीत असे, आणि ज्यांना स्वतःची खोली नाही अशा दोघांनी निदान एक शब्द तरी स्वतःच्या मालकीचा करून घेतला होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कुणब्याच्या घरी हा प्रश्न जरा सैल होता. तेथे वाडा नव्हता, पण शेत होते. राखणीच्या निमित्ताने मळ्यातल्या खोपीत मुक्काम पडे, आणि घरात जे साधत नसे ते बांधावर साधे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे 700 गाथांपैकी कितीतरी गाथा अशाच गावातल्या, शेतातल्या आणि नदीकाठच्या आहेत, आणि त्यांत नव्याने प्रेमात पडलेल्यांइतकेच रुसणारे, समजूत काढणारे, पावसाळ्यापूर्वी परतणाऱ्या धन्याची वाट पाहणारे संसारी लोकही भेटतात. मधल्या शतकांत हा मोकळेपणा पांढरपेशांच्या घरातून हद्दपार झाला आणि जात्यावरच्या ओव्यांत व फडावरच्या लावणीत जाऊन राहिला. ओवीत बाई भ्रताराबद्दल बोलते ती पहाटे, अंधारात, दगडाच्या घरघरीच्या आडोशाने.

पांढरपेशा घरातील रात्रीचा एक फार मोलाचा दस्तऐवज रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत ठेवला आहे. 1873 साली त्यांचे लग्न झाले तेव्हा त्या 11 वर्षांच्या आणि महादेव गोविंद रानडे 31 वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता पुढारी पहिली पत्नी वारल्यावर कुमारिकेशी लग्न करतो, यावर लोकांनी ठेवलेला ठपका प्रसिद्धच आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. पण पुढे घडले ते असे की, दिवसभर घरातील बायकांचे टोमणे सोसणाऱ्या या मुलीला न्यायमूर्ती रात्री लिहावाचावयास शिकवीत. वाचन चालावे, पायांना तूप चोळावे, दिवसाच्या गोष्टी निघाव्यात, आणि ज्या रात्री ते काहीच बोलत नसत ती रात्र बाईंना शिक्षेसारखी वाटावी. दांपत्याच्या दीर्घ सहवासाला पुष्टी कशाने येते, असे कोणी मला विचारले तर या तुपाच्या वाटीकडे आणि त्या पुस्तकाकडे मी बोट दाखवीन. शरीराची सेवा, मनाचे शिक्षण आणि दिवसाचा हिशेब या तिन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी, एकाच दिव्याच्या उजेडात चालल्या होत्या. अर्थात तेथेही रुसण्याचा अधिकार पुष्कळसा एकतर्फीच होता.

त्याच सुमारास हा सारा मामला सरकारदरबारीही गेला. रखमाबाई हिचे लग्न 11व्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले होते. मोठी झाल्यावर तिने नांदावयास जाण्याचे नाकारले, आणि 1884 साली नवऱ्याने मुंबईच्या हायकोर्टात दांपत्यहक्काची फिर्याद गुदरली. 1885 साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी, कधी एकत्र न राहिलेल्या स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे नाकारले. अपिलात तो निकाल फिरला, आणि 1887 साली तिला नांदावयास जा नाहीतर तुरुंगात जा असा हुकूम झाला. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे ती विलायतेत जाऊन डॉक्टर झाली. संमतिवयाचा कायदा 1891 चा. त्याने मुलीचे वय 10 वरून 12 वर नेले, आणि तेवढ्यासाठी पुण्यात केवढे रण माजले हे टिळक-आगरकरांच्या वाचकांस सांगणे नको. या साऱ्या कोर्टकज्ज्यात एक गोष्ट मात्र पहिल्यानेच उघड्यावर आली: सहवास हा हक्क म्हणून वसूल करता येतो की नाही, हा प्रश्न. वाड्यातील माडीवर कोणी तो विचारलाच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वाड्याचा गावाशी आणि नवऱ्याचा बायकोशी संबंध दुसऱ्याच कारणाने तुटू लागला. मुंबईत गिरण्या निघाल्या. रत्नागिरीकडचे, साताऱ्याकडचे लोक पोटासाठी तेथे गेले आणि बायकांना गावी ठेवून गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मुंबईत पुरुषांच्या मानाने स्त्रियांची संख्या जवळजवळ निम्मीच भरत होती. एका खोलीत दहा-बारा गडी, खानावळवालीकडचे जेवण, दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच जागेवर रात्रपाळीवाल्याने पाठ टेकावयाची, अशी ती वहिवाट. घरी जाणे शिमग्याला किंवा गणपतीला, तेही रजा मिळाली तर. अशा माणसाने वीस-पंचवीस वर्षे संसार केला असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले नवरा-बायकोने एका छपराखाली काढलेले दिवस मोजले तर दोन-तीन वर्षेही भरणे कठीण. उरलेला संसार मनीऑर्डरीवर चाले. मनीऑर्डरीच्या कागदाला मजकुरासाठी एक चिंचोळी पट्टी असे. तिच्यावर चाकरमान्याने कोणाकडून तरी चार ओळी लिहवून घ्यावयाच्या आणि गावी त्या पोस्टमनने ओटीवर उभे राहून, सासू-सासऱ्यांदेखत, मोठ्याने वाचून दाखवावयाच्या. बायकोसाठी म्हणून त्यात काही लिहिता येणे शक्यच नव्हते. म्हणून ‘गाईची काळजी घ्यावी’, ‘पावसाआधी पडवी शाकारून घ्यावी’ अशा मजकुरातूनच जे पोचवावयाचे ते पोचवले जाई, आणि दाराआड उभी असलेली ते बरोबर ओळखी.

ज्यांनी बायकामुले मुंबईस आणली त्यांच्यापुढे वाड्यापेक्षा कठीण पेच उभा राहिला. 1896 च्या प्लेगानंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, 1920 साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले, आणि त्या दुसऱ्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे चाळींच्या 207 इमारती बांधल्या. प्रत्येक बिऱ्हाडाला 160 चौरस फुटांची एक खोली. नळ आणि संडास सामायिक. ही योजना आखणाऱ्या अंमलदारांनी माणशी हवा किती लागते, याचे गणित केले होते. त्या खोलीत म्हातारी आई, लग्न झालेला मुलगा, सून, धाकटा भाऊ आणि तीन पोरे राहतील, याचे गणित केले नव्हते. ते गणित चाळीने आपल्या पद्धतीने सोडवले. दोरीवर लुगडे टाकून पडदा झाला. पोटमाळा निघाला. म्हाताऱ्यांनी आणि तरण्या पोरांनी वळकट्या उचलून गॅलरीत झोपावयास जाण्याचा एक अलिखित दंडक पडला. तो सोसायटीच्या कोणत्याही नियमावलीत सापडणार नाही, पण नव्या सुनेच्या घरातला दीर ‘आत उकडतं फार’ असे म्हणून पावसाळ्यातही चटई बाहेर टाकी, तेव्हा शेजारी त्यावर अवाक्षर काढीत नसत. मराठी समाजाने दांपत्याच्या एकांताला दिलेली ही पहिली सार्वजनिक मान्यता होय, असे मला वाटते, आणि ती दिली ती विद्वानांच्या परिषदेने नव्हे, तर गॅलरीत कुडकुडत झोपणाऱ्या दिरांनी.

विद्वानांत एकच माणूस असा निघाला की, ज्याने या प्रश्नाला नुसता हात घातला नाही, तर आयुष्य वाहिले. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचा जन्म 1882 चा. पेशा गणिताच्या प्राध्यापकाचा. 1921 साली, म्हणजे लंडनमध्ये मारी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या उद्योगापायी त्यांना प्राध्यापकीवर पाणी सोडावे लागले, आणि मग पत्नी मालतीबाईंच्या पाठबळावर घर व कार्य दोन्ही चालली. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. जुलै 1927 पासून नोव्हेंबर 1953 पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत, त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघत राहिले.

कर्व्यांचे नाव निघाले की लोकांना मुखपृष्ठावरील नग्न चित्रे आणि संततिनियमनाची साधने आठवतात. मला त्या मासिकाचे खरे मर्म वाटते ते वाचकांच्या पत्रांत. लग्नाला बरीच वर्षे झालेली माणसे आपल्या अडचणी तेथे लिहून पाठवीत. जे माजघरात बोलता येत नव्हते, डॉक्टरापाशी काढता येत नव्हते आणि एकमेकांपाशी तर मुळीच नाही, ते या तऱ्हेवाईक गणितज्ञापाशी निर्धास्तपणे मांडीत, आणि तो रोखठोक, कित्येकदा रुक्ष वाटावे अशा भाषेत उत्तर देई. समागमाचे सुख हे अपत्याच्या निमित्ताची भीक नव्हे. त्यावर स्त्रीचा पुरुषाइतकाच अधिकार आहे. बायकोची इच्छा नसेल तर नवऱ्याचा हक्क नाही, ही त्यांची सूत्रे होती. आज ती साधी वाटतात. त्या काळी त्यांवर खटले झाले. 1931 साली त्यांना शंभर रुपये दंड झाला. 1934 साली पुन्हा फिर्याद झाली ती याच पत्रोत्तरांवरून, आणि त्या वेळी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नाला कोणी शास्त्रीय उत्तर देत असेल तर ते अश्लील कसे ठरते, असा त्यांच्या बचावाचा रोख होता. निकाल विरुद्ध गेला. पुढे 1938 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांचा संततिनियमनाचा ठराव त्यांच्या गैरहजेरीत रोहम यांनी मांडला; तोही फेटाळला गेला. कर्व्यांची एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. त्यांच्या तर्कशुद्ध लेखनात आरोग्य आहे, समता आहे, पण रमाबाईंच्या तुपाच्या वाटीसारखी गोष्ट क्वचितच आहे. आणि 160 चौरस फुटांत हे सारे कसे साधावे, याचे उत्तर गणिताच्या प्राध्यापकापाशीही नव्हते.

ते उत्तर सापडले नाही, म्हणून त्यावर हसण्याची सोय झाली. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट 1970 साली आला. नव्या सुनेला चाळीतल्या भरल्या घरात नवऱ्याशी दोन शब्द बोलावयास जागा सापडत नाही, एवढ्याच गोष्टीवर तो उभा आहे, आणि त्याचा हिंदी अवतार ‘पिया का घर’ 1972 साली देशभर पाहिला गेला. प्रेक्षक पोट धरून हसले, कारण प्रत्येकाच्या घरात कोणीतरी केव्हातरी गॅलरीत झोपावयास गेलेले होते.

त्या 207 इमारतींपैकी बहुतेक आता एकेक करून पाडण्यात येत आहेत आणि त्यांच्या जागी 160 च्या ठिकाणी 500 चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत. नव्या नकाशात देवघराला स्वतंत्र जागा दाखवलेली नाही. कोठी, ओसरी, माजघर यांचा तर मागमूसही नाही. मात्र स्वयंपाकघरापासून थोड्या अंतरावर दोन झोपण्याच्या खोल्या आखलेल्या आहेत, आणि दोहोंना आतून लावता येणारी कडी आहे.