मेंदूची मोजणी

ज्या जमिनीचा नकाशा नाही आणि जिच्या हद्दी कोणत्याही दफ्तरात नोंदलेल्या नाहीत, तिच्यातील एखादा नेमका तुकडा हाती घ्यावयाचा झाला, तर जाणता माणूस नांगराच्या आधी मोजणीची साखळी मागवितो. मेंदूच्या शल्यविद्येला हा साधा न्याय आचरणात आणण्यास विसावे शतक उजाडावे लागले. कवटी उघडावी, वरचे निरोगी थर बाजूस सारावेत आणि खोलवर दडलेल्या अर्बुदापर्यंत पोहोचावे, हाच तोवर मार्ग होता. आणि त्या वाटेवर वाचा, दृष्टी, हालचाल यांची केंद्रे पसरलेली असल्यामुळे रोगापर्यंतचा प्रवासच पुष्कळदा रोग्याच्या प्राणावर बेतत असे. आज ‘गॅमा नाइफ’ या नावाने रुग्णांच्या परिचयाच्या झालेल्या किरणशल्यक्रियेचा इतिहास, मला वाटते, मुळात या मोजणीचा इतिहास आहे. किरण त्यात मागाहून आले.

मोजणीचा आरंभ लंडनमध्ये झाला. शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ली आणि यंत्ररचनेत गती असलेले शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट क्लार्क यांनी प्राण्यांच्या मेंदूवरील प्रयोगांसाठी सिद्ध केलेल्या एका धातूच्या चौकटीचे वर्णन १९०८ साली प्रसिद्ध केले. मेंदूतील कोणताही बिंदू तीन अंकांनी सांगता यावा, आणि त्या अंकांच्या भरवशावर न दिसणाऱ्या जागीही सुई अचूक उतरावी, ही त्या चौकटीमागील कल्पना. परंतु प्राण्याच्या कवटीवरील खुणांवरून आतील केंद्रांचा जो अदमास बांधता येतो, तो मनुष्याच्या बाबतीत टिकेना. कारण माणसामाणसाची कवटी आणि तिच्या आतील मेंदू यांचे प्रमाण एक नसते. ही अडचण ओलांडण्यात जवळजवळ चाळीस वर्षे गेली. १९४७ साली फिलाडेल्फिया येथे अर्न्स्ट स्पीगल आणि हेन्री वायसिस यांनी कवटीवरच्या खुणा सोडून क्ष-किरणांच्या चित्रात उमटणाऱ्या मेंदूच्या आतल्याच खुणा प्रमाण मानल्या, आणि ही विद्या मनुष्याच्या उपयोगी पडू लागली.

स्टॉकहोमचे लार्स लेक्सेल हे हर्बर्ट ऑलिव्हक्रोना यांच्यासारख्या थोर शल्यविशारदाच्या हाताखाली तयार झालेले. १९४९ साली त्यांनी जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यावर अर्धवर्तुळाकार कमान होती आणि त्या कमानीचा मध्यबिंदू हेच लक्ष्य होते. म्हणजे कमानीवरून कोठूनही सुई सोडली तरी ती त्याच एका ठिकाणी पोहोचावी. ज्या रचनेत सर्व वाटा एकाच बिंदूला मिळतात, तेथे सुईऐवजी किरण का सोडू नये, हा विचार तिच्या पोटीच जन्मला. निरनिराळ्या दिशांनी येणारा प्रत्येक झोत एकटा असताना वाटेतील पेशींना फारसा उपद्रव देत नाही. जेथे सर्वांचा संगम होतो, तेथेच त्यांचे बळ एकवटते. १९५१ च्या आपल्या लेखात लेक्सेल यांनी या पद्धतीला किरणशल्यक्रिया हे नाव दिले. सुश्रुताने शस्त्रांबरोबर ‘अनुशस्त्रे’ही सांगितली आहेत, आणि बालके व शस्त्राला भिणारी माणसे यांच्यासाठी अग्नी, क्षार, जळू यांची योजना केली आहे, लेक्सेल यांचा किरण त्याच पंक्तीत बसावा असा आहे.

साधन मात्र सहजासहजी हाती आले नाही. प्रथम त्यांनी क्ष-किरणांची नळीच चौकटीवर बसवून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य वेदनेवर उपचार केले. पुढे उप्साला येथे भौतिकशास्त्रज्ञ ब्योर्ये लार्सन यांच्या साहाय्याने प्रोटॉनांचे झोत वापरून पाहिले. त्यांत अचूकता होती, परंतु त्यासाठी लागणारे अजस्र यंत्र रुग्णालयात ठेवण्याजोगे नव्हते. अखेर दोघांनी कोबाल्ट-६० हे किरणोत्सारी द्रव्य निवडले, आणि १९६८ साली स्टॉकहोमच्या सोफियाहेमेट रुग्णालयात १७९ उगमांचे झोत एका बिंदूवर आणणारे पहिले गॅमा यंत्र सुरू झाले.

ते घडविले होते निराळ्याच हेतूने. दीर्घ वेदना, कंपवात यांसारख्या विकारांत मेंदूतील एखादा छोटा भाग निकामी करावा, एवढाच त्याचा मूळ उद्देश. पण १९६९ साली श्रवणतंतूवरील गाठीवर, १९७० साली लाडिस्लाव स्टाइनर यांच्या पुढाकाराने रोहिणी व नीला यांच्या जन्मजात गुंत्यावर त्याचा प्रयोग झाला, आणि यंत्राचे खरे कार्यक्षेत्र उघडले. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने पहिल्या रुग्णाचा मेंदू दाखविला. मागोमाग चुंबकीय प्रतिमा आल्या. तोवर हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या छायेवरून किंवा रक्तवाहिन्यांच्या चित्रावरून ज्या गाठीचे अनुमान करावे लागे, तिचा काठ आता प्रत्यक्ष दिसू लागला. मोजणीदाराला नकाशा मिळाला, तेव्हा कोठे किरणाला त्याची हद्द कळली. १९८७ साली पिट्सबर्ग येथे २०१ उगमांचे यंत्र बसले. ब्युनोस आयर्स व इटलीतील व्हिचेन्झा येथे किरणोपचारातील नित्याच्या रेषीय त्वरकाकडूनही (लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर) हेच काम करून घेण्यात आले. आणि १९९७ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ दाखल झाले.

या विद्येला मर्यादा आहेत, आणि त्या सांगणे हे तिचा सन्मान करण्यासारखेच आहे. साधारणतः तीन सेंटिमीटरांपलीकडील गाठीस ती सहसा योग्य ठरत नाही. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद होण्यास दोन-तीन वर्षे लागतात, आणि तोवर रक्तस्रावाचे भय टळत नाही. रुग्ण बहुधा जागा असतो, डोक्याला चौकट असते. काही तासांत ती निघते, आणि पुढचे काम मेंदू स्वतःच्या गतीने करीत राहतो. कवटी न उघडता एवढे साधते, त्याचे श्रेय मला त्या चौकटीवरील तीन अंकांना द्यावेसे वाटते, कारण ते आधी नेमके ठरले म्हणूनच प्रखर किरणाला सौम्य होता आले.